मोकळा बस्ता

छावणीजवळच्या एका दवाखान्यात रामकिसन कारकून होते. माणूस गेला की त्याचा केसपेपर त्यांच्या टेबलावर यायचा. जाड पुस्तकात बघून त्यावर आजाराचा नंबर टाकायचा आणि त्या नंबरच्या बस्त्यात, म्हणजे लाल फडक्याच्या गाठोड्यात, बांधून ठेवायचा. शेवटचा बस्ता ‘कारण कळलं नाही’ याचा. तो त्यांनी एकोणीस वर्षं मोकळा ठेवला होता, आणि त्याचा तोरा काय सांगावा! “नंबर नाय असा आजारच नसतो,” म्हणायचे. घ्या, डॉक्टरांना जे कळलं नाही ते या कारकुनाला कळायचं!

पाचोडची चतुराबाई गेली. तिच्या कागदावर लिहिलं होतं: घरात कोणी नसताना हंडा भरल्याचा आवाज येतो; चौथ्या दिवशी मृत्यू. रामकिसननी तिला कानाच्या आजारात घातलं. काही वर्षांनी फकिरा आला. तोच हंडा, तोच चौथा दिवस. त्याला मेंदूत बसवलं. पुढं गौहर नावाची बाई हृदयात गेली. तिन्ही वेळा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोला. पण बस्ता मोकळा राहिला.

एका दुपारी त्यांची बायको द्वारकाबाई जेवता जेवता थांबली. “अवं, नळ आला का? कोणतरी हंडा भरतंय.”

नळाला पाच दिवस पाणी नव्हतं. रामकिसन ताट सारून उठले आणि तिला घेऊन निघाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, काही सापडेना. “असे आणखी पेशंट आले होते का? त्यांचे कागद मिळाले तर कुठून सुरुवात करायची ते तरी कळेल.”

आले होते, तीन. पण नावं आठवेनात, सालं आठवेनात, कुठल्या आजारात घातले तेही आठवेना. रामकिसन एकेक बस्ता सोडत बसले. प्रत्येक कागदावर त्यांच्याच वळणदार अक्षरातला नंबर. आपल्याच हाताचा त्यांना राग आला.

“निम्मा झालाय,” दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “गळ्याला आलंय पाणी.”

चौथ्या सकाळी तिसरा कागद सापडला. ते वॉर्डाकडं पळत सुटले. द्वारकाबाई खाटेवर शांत पडली होती.

“थांबलं बघा,” ती म्हणाली. “भरला.”

तिचा कागदही रीतीनं त्यांच्याच टेबलावर आला. रामकिसननी मोकळ्या बस्त्याची गाठ सोडली आणि चारही कागद त्यात एकत्र ठेवले. साहेब चिडले, “अहो, हृदयात टाका की! वरून विचारणा होईल.”

“होऊ द्या, साहेब. एका जागी असू द्या,” रामकिसन म्हणाले. “पुढं कुणाला हंडा ऐकू आला, तर त्याच्या माणसाला लवकर सापडतील.”