आधी धाकट्याची पाळी

एका प्राण्याचे तीन धडे कसे करायचे, असं आईला कुणी विचारलं असतं तर तिने आधी कपाळावर हात मारून घेतला असता आणि मग सांगितलं असतं, की नकाच करू.

तिला मुलं तीन. थोरली दहा वर्षांची, मधला सात वर्षांचा आणि शेंडेफळ चारचं. तिघंही घरीच शिकायची आणि शिकवणारी ही एकटी. मुलांचे बाबा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचे. सकाळी हत्यारांची पिशवी उचलायची, "तू करशील गं बरोबर" एवढं प्रमाणपत्र तिच्या हातावर ठेवायचं आणि निघायचं, की यांची जबाबदारी संपली!

शाळा घरात आली ती थोरलीमुळे. पहिलीत असताना या पोरीने वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. रोज सकाळी पोटात दुखायचं, रोज दारात रडारड. "तुमच्या मुलीचा आवाज कसा आहे, हेच आम्हाला माहीत नाही," असं तिच्या बाईंनी हसत हसत सांगितलं आणि आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेने नाक मुरडलं, शेजारच्यांनी शहाणपण शिकवलं, तरी तिने मुलीचं नाव शाळेतून काढलंच. निदान आपल्या घरात तरी पोर मोकळेपणी बोलेल, एवढंच तिला हवं होतं. मागून दोघं धाकटेही त्याच सतरंजीवर येऊन बसले.

शिक्षण खात्याच्या एक बाई दरवर्षी घरी यायच्या, थोरलीला चार प्रश्न विचारायच्या आणि पुढच्या वर्षाची परवानगी द्यायच्या. गेल्या वर्षी त्या "मुलगी उत्तरं देत नाही" असा शेरा मारून गेल्या होत्या. यंदाही तेच झालं तर परवानगी बंद. शुक्रवारी त्या येणार होत्या आणि विषय होता प्राण्यांचा. आईचा जीव टांगणीला लागला होता.

तिने बादलीभर प्लास्टिकचे प्राणी सतरंजीवर ओतले. बेत तसा फक्कड होता. प्राणी एकच उचलायचा, प्रश्न तीन. शेंडेफळाने त्याचा आवाज काढायचा, मधल्याने तो काय खातो ते सांगायचं आणि थोरलीने तो कुठल्या गटातला आणि का, हे समजावून द्यायचं. आणि घरातला पक्का नियम असा, की आधी धाकट्याची पाळी, मग मधल्याची, शेवटी थोरलीची. हा नियम काही हौसेने केलेला नव्हता. सुरुवातीला थोरली तिघांचीही उत्तरं एका दमात देऊन टाकायची. मग शेंडेफळ भोकाड पसरायचं, मधला रुसून पलंगाखाली जाऊन बसायचा. "तू मोठी आहेस ना? थांब जरा," असं सांगून सांगून आईने तिला वळण लावलं होतं.

"माशाचा आवाज काय?" आईने विचारलं आणि तिथेच ती फसली. शेंडेफळ विचारात पडलं. बराच वेळ पडलं. मग माशालाच विचारतो म्हणून त्याला घेऊन न्हाणीघरात पळालं आणि नळ सोडून बसलं. इकडे मधल्याने साबणाच्या डबीतून खरंखुरं गांडूळ काढून सतरंजीवर ठेवलं.

"हे काय आहे?"

"कणा नसलेला प्राणी. तूच म्हणालीस ना, उदाहरण शोधा?"

"चित्रात शोधायचं रे बाबा, चित्रात!"

गांडूळ कुंडीत सोडून, न्हाणीघरातलं पाणी पुसून ती परत आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. थोरली पुस्तक मांडीवर घेऊन जागेवरच बसली होती.

"तुझं आपण नंतर बघू हं," आई म्हणाली. रोज हेच म्हणायची. तिच्या नाकी नऊ आले होते, आणि सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच येत होता.

शुक्रवारी बाई आल्या. त्यांनी सतरंजीवरचा देवमासा उचलला आणि थोरलीला विचारलं, "हा पाण्यात राहतो, दिसतोही माशासारखा. मग याला मासा का म्हणत नाहीत?"

थोरलीने धाकट्याकडे बघितलं. बाईंनी पुन्हा विचारलं. तिने मधल्याकडे बघितलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प राहिली. शेंडेफळाने भोंग्यासारखा आवाज काढला. बाईंनी पेन उघडलं.

"अगं, बोल ना!" आई ओरडलीच. "आठवडाभर जिवाचं रान केलंय मी!"

"पण देवमासा काय खातो ते त्याने अजून सांगितलं नाहीये," थोरली मधल्याकडे बोट करून हळूच म्हणाली. "माझी पाळी शेवटी असते."

आई गोरीमोरी झाली. बाईंनी दोघा धाकट्यांना आतल्या खोलीत पाठवलं, दार लोटलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता मात्र थोरली धबधब्यासारखी सुटली. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो म्हणून त्याला वर यावं लागतं, मादी पिल्लाला दूध पाजते, माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते आणि याची वर-खाली. शेपटीचं तर आईलाही माहीत नव्हतं.

"हे कधी शिकलीस?" तिने विचारलं.

"माझी पाळी येईपर्यंत. वाचत बसायचे."

बाई खूश झाल्या. "मुलगी हुशार आहे. परवानगी वाढवायला माझी काही हरकत नाही," त्या आईला म्हणाल्या. आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "फक्त नियमाप्रमाणे तिलाही विचारावं लागतं. काय गं, शाळेत जावंसं वाटतं का तु—"

"हो," थोरली म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आतच.

आईला आपण नीट ऐकलं की नाही, तेच कळेना.

"तिथे सगळे माझ्याएवढे असतील," थोरली बाईंना सांगत होती.

"अगं, पण तुझा तर तिथे आवाजच फुटत नव्हता!" आई म्हणाली. "रोज रडायचीस तू. विसरलीस?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तेव्हा मी लहान होते गं, आई."