आमच्या बुरुजावर पडलेला बॉम्ब

सावद्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर गढीचा एक बुरूज. बाकी गढी कधीच मातीला मिळालेली. उंची विचाराल तर घारी निम्म्यावर विसावा घेत आणि ढगांना वळसा पडे. यातलं निम्मं वजा करा, तरी पुष्कळ उरतं. पेंढाऱ्यांना तो हटला नाही, गोऱ्यांच्या तोफेलाही नाही, असं माझे चुलते, नाना, सांगायचे. नानांनी लग्न केलं नाही. दर दिवाळीआधी शेणमातीची पाटी घेऊन ते बुरुजाला लिंपत बसायचे. बायकोचं कुणी एवढं केलं नसेल.

एकाहत्तरचं युद्ध लागलं. भुसावळचं जंक्शन जवळ, म्हणून दवंडी आली: कंदील झाका, खंदक खणा. खणायचा कुठे? काळ्या रानात केळी उभ्या, शिवाय काळी माती भेगाळून ढासळते. गढीची पांढरी माती मात्र कापली की भिंतीसारखी सरळ राहते. गावाचं कधी नव्हे ते एकमत झालं आणि खंदक बुरुजाच्या पोटाखालीच घेतला.

नाना आडवे झाले. "आधी मले गाडा तिथं."

"देशाचं काम आहे, नाना," सरपंच म्हणाले. "बॉम्ब पडला तर बुरूज अंगावर घेईल ना."

"आन् बुरुजावर तुम्ही पडले, त्याचं काय?"

त्या खंदकात माणूस एकही बसला नाही. एक कुत्री व्याली तेवढी. पंधरवड्यात युद्ध संपलं, पण खंदक बुजवायची दवंडी काही आली नाही. आणि धाब्याच्या घरांच्या सपाट मातीच्या छतांवर पसरायला गढीच्या मातीसारखी दुसरी माती नाही. थेंब खाली येऊ देत नाही. आजवर नानांच्या काठीला आणि तिथल्या म्हसोबाला भिऊन कुणी हात लावत नव्हतं. आता सरकारी खंदकाने वाट दाखवली. फाल्गुनापासून पाट्या भरू लागल्या. नाना हात जोडत फिरायचे.

"खंदक साफ करून ऱ्हायलो आम्ही, नाना," असं म्हणत बाया पाटी डोक्यावर घ्यायच्या.

मी उठवून दिलं की खंदकात रेड्याच्या मानेएवढा नाग आहे. चार दिवस पाट्या थांबल्या. मग बाया नागासाठी दूध घेऊन आल्या, आणि जाताना माती घेऊन गेल्या.

वैशाखात, भर दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, बुरूज गुडघे मोडून बसला. धूळ फैजपूरच्या केळींवर जाऊन पडली. ती खाली बसायच्या आत लोक पाट्या घेऊन हजर.

नाना माझ्या ओट्यावर आले.

"तू लय खोटं सांगतो ना?"

"सांगतो."

"मंग हे सांग. इमान आलं, बॉम्ब पडला. आपल्याच लोकांनी बुरूज पाट्यांनी नेला, असं नको सांगू रे, भाऊ."

मी सांगितलं. पारावर, बाजारात, एसटी स्टँडवर. विमान केळींवरून कसं खाली आलं, वैमानिकाच्या मिशासुद्धा सांगितल्या. माझ्या बाकीच्या गोष्टींना हसणारे याला माना डोलवत. थंडीत संपलेल्या युद्धाचा बॉम्ब वैशाखात कसा पडला, हे कुणी विचारलं नाही. ज्यांच्या धाब्यावर ती माती होती, त्यांना तर विमानाचा आवाजही आठवू लागला.

नाना कोपऱ्यात ऐकत बसायचे. कुणी विचारलंच, "तुम्ही पाह्यलं का नाना, इमान?" तर खाली बघून म्हणायचे, "पाह्यलं."