गरम पाण्याचा ग्लास

सुया टोचणाऱ्या त्या चिनी बाईला ऑफिसात सगळे भोंदू म्हणतात. म्हणू देत! क्रेगीबर्न या उपनगरातल्या आमच्या शॉपिंग प्लाझात तिचं अॅक्युपंक्चरचं क्लिनिक आहे. बाहेर चाळीस डिग्री असलं तरी ती पेशंटला गरमच पाणी देते आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही.

पुण्याहून आलेल्या माझ्या आईचा गुडघा दुखायचा थांबला, तेव्हा आईने तिला कौतुकाने सांगितलं, "बीपीची गोळी मी बंद केली. तुझ्या सुया पुरेत." मी ते इंग्रजीत सांगितलं. दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. हिने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली.

"नी," तिने आईच्या गुडघ्यावर बोट ठेवलं, "माय जॉब. बीपी, डॉक्टर जॉब. नो टॅब्लेट, नो नीडल."

"तिला सांग, सत्तर वर्षांची आहे मी. मला कळतं."

मी सांगितलं.

"मी ऑल्सो सेव्हन्टी," म्हणत तिने आईचा हात धरला आणि शेजारच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. आईचं नाव पुकारेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, मांडीवर गरम पाण्याचा ग्लास घेऊन.

गोळी पुन्हा सुरू झाली. गाडीत आई धुसफुसत म्हणाली, "माझ्यापेक्षा हट्टी आहे मेली. पुढच्या मंगळवारची वेळ घे तिची."