न मिटणारी वही

अंबादास सर गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात सुताच्या एका व्यापाऱ्याशी भाव करत बसलो होतो. सकाळपासून घासाघीस चालली होती. तो उठून जायचं नाटक करून परत बसला होता, मी चहा मागवून विषय लांबवला होता. तेवढ्यात सरांच्या गल्लीतला एक विणकर सायकलवरून आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "सिद्रामशेठ, क्लासचे सर गेले की हो. पहाटं." समोरच्या व्यापाऱ्यानं आपला सकाळचाच भाव पुन्हा सांगितला आणि मी "बरं" म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. सिद्राम पहिल्या बोलीला हो म्हणाला, हे सोलापुरात कुणी ऐकलेलं नाही.

पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे सर. मी दुधनीहून आलो तेव्हा दिवसा कापडाच्या दुकानात गाठोडी उचलायचो आणि सुट्टीच्या दिवशी होटगी स्टेशनवर टॉवेल विकायचो. डोक्यात एकच होतं, चादरीवरची नक्षी काढायला शिकायचं. मागाच्या खडखडाटात दोन खोल्यांमध्ये सरांचा चित्रकलेचा क्लास चालायचा. मी गेलो आणि दारातच म्हणालो, "फी अर्धी देईन." सर पेन्सिलीला टोक करत होते. मान वर न करता म्हणाले, "चालेल की. उद्यापासून ये." मी कितीतरी दिवस तळमळलो. आणखी खाली बोललो असतो तर तेही चाललं असतं का?... हा प्रश्न मी सरांना पुढं अनेकदा विचारला. ते नुसते हसायचे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. कागद मिळत नव्हता, मिळाला तर परवडत नव्हता. पण खरं सांगायचं तर कागद मुबलक असता तरी सरांनी विकतची वही चालू दिली नसती. म्हणायचे, "विकतच्या वहीला माणूस भितो. पहिलं पान बिघडंल म्हणून कोरीच ठेवतो. आपल्या हातानं शिवलेल्या वहीला कोण भितंय?" म्हणून प्रत्येकानं आपली वही आपण शिवायची. जुन्या कॅलेंडरची पाठ, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, सूत गुंडाळलेल्या कोनाभोवतीचा निळसर कागद, किराण्याच्या पुड्याचा खाकी कागद, सगळं चालायचं. खाकी पानावर खडू, निळ्यावर कोळसा. पेन्सिल न उचलता आईचे हात काढा, कागदाकडं न बघता माग काढा, एक पान शेजारच्याला द्या आणि त्यानं जे काढलं त्याच्यात आपलं चित्र बसवा... असले एकेक अभ्यास. मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मला नक्षी पाहिजे होती आणि हा माणूस मला रोज तोच पितळी तांब्या काढायला लावत होता. पण आज माझ्या चादरींवर जी कोयरी आहे, तिचं पोट त्या तांब्याचं आहे. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

वही शिवण्याआधी सर कागद हातात घेऊन आधी उभा, मग आडवा, हलकेच वाकवायचे. "कापडात उभ्या धाग्यांचा असतोय तसा कागदालाबी ताणा असतोय. त्याला विचारायचं, बाबा, तुला कुटं वाकायचंय? तो सांगतो तितंच घडी घालायची." हा धडा चालू असताना माझं लक्ष नव्हतं, कारण मी आधीच एका छापखान्यातून जाड पांढऱ्या कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा उचलून आणला होता. असा भाव पाडला होता की छापखान्याचा मालक रडकुंडीला आला होता. सगळा क्लास त्या गठ्ठ्याकडं आशाळभूतपणे बघत होता. मी घड्या घातल्या, दोरा दातानं ओढून ओढून शिवलं, वर चादरीच्या तुकड्याचं कव्हर लावलं. इतकी देखणी वही त्या खोलीत आजवर झाली नव्हती. मी ती टेबलावर ठेवली... आणि तिनं सावकाश तोंड उघडलं. मी मिटली. तिनं परत उघडलं. ट्रंकेखाली दाबली, विटेखाली ठेवली, शिव्याही घातल्या. पट्ट्यांचा ताणा आडवा होता आणि मी घडी उभी घातली होती. छापखान्यावाल्यानं हे मला सांगायला पाहिजे होतं, असं माझं आजही मत आहे.

पद्मा, सरांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिनं कोपऱ्यातून विचारलं, "सिद्रामदादा, वही तुमच्यावर गेली का हो?" सगळा क्लास हसला.

क्लासची एक रीत होती. खंडेनवमीला रंग, ब्रश, सुया यांच्याबरोबर सगळ्या वह्या पूजेला मांडायच्या आणि त्यातली एक सरांनी वर्षभरासाठी ठेवून घ्यायची. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी ती वही उसवायची, पानं सुटी करायची आणि परत शिवायची. वर्ष संपलं की ज्याची त्याला परत. माझ्या आधीच्या सगळ्यांना त्यांच्या वह्या परत मिळाल्या. मला नाही. सरांनी दर खंडेनवमीला माझीच ठेवली. ती न मिटणारी वही टेबलावर असायची, वर सरांच्या वडलांच्या हातमागाचं लोखंडी वजन. सर नव्या मुलांसमोर ते वजन उचलायचे आणि काही न बोलता थांबायचे. वही आपोआप तोंड उघडायची. मग सांगायचे, "ही आमच्या सिद्रामची."

पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. चादर घ्यायला आलेली पोरं भर गिऱ्हाइकात विचारायची, "तोंड न मिटणाऱ्या वहीचे सिद्राम ते तुम्हीच का?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी सरांकडं जाऊन भांडायचो. "सर, नवी शिवून देतो. अगदी सरळ. वर एक चादर देतो." सर म्हणायचे, "नवी चांगली असंल. चांगलीचा मला काय उपयोग रे?" सगळ्यात पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस या एकाच सौद्यात हटायचा नाही. वर चहा पाजायचा. माझ्या नव्या चादरीचा कोपरा बोटांनी वाकवून बघायचा आणि म्हणायचा, "लई झ्याक." राग घेऊन गेलेला मी दर वेळी पोट भरून परत यायचो.

दिवसकार्य झाल्यावर पद्मानं निरोप पाठवला. आता क्लास तीच चालवते. मी गेलो तर तिनं वही माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा दादा. तुमचीच हाय." एवढंच. ना अट, ना घासाघीस. मी घरी आणली आणि चादरींच्या सगळ्यात उंच थप्पीखाली रात्रभर दाबून ठेवली. सकाळी काढली, जमिनीवर ठेवली. तिनं सावकाश तोंड उघडलं. सर गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. आत पाहिलं तर शिवणीला तांबडे, हिरवे, पिवळे, कुणाच्या कुणाच्या घरच्या मागावरचे दोरे. माझा दोरा कधीच गेला होता. हातांची चित्रं मात्र माझीच होती, माझ्या आईच्या हातांची.

त्याच दिवशी ती पद्माला परत नेऊन दिली. म्हणालो, "ठेव. पण फुकट देणार नाही. काहीतरी माग."

"मग दर वर्षी पहिल्या दिवशी तुमीच येऊन दाखवा."

"दर वर्षी जमायचं नाही. एक वर्षाआड."

"चालेल की," पद्मा म्हणाली. लगेच. मी तिच्याकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "बरं, दर वर्षी."

परवा दसऱ्यानंतर नवी मुलं आली. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. छापखान्यावाल्याबद्दल काय काय सांगायचं ते मी घरूनच ठरवून आलो होतो. टेबलावरचं वजन उचललं, आणि सर थांबायचे तसा थांबलो. वहीनं तोंड उघडलं. मुलं हसली. बाहेर माग खडखडत होते.

"ही माझी," मी म्हणालो, आणि सुई पुढं केली.