आखणीच्या दिवसांतली गोळी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचायला घेतला, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. एरवी त्या एक नजर टाकतात आणि "छान, असंच चालू ठेवा" म्हणून आम्हाला वाटेला लावतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"व्हय," हे म्हणाले.

"मी स्वतः देते," मी मध्येच बोलले. मी रोह्याची, गप्प बसणं मला जमत नाही. "दुपारचं जेवण झालं की माझ्या हाताने देते, वर पाणी देते."

ते खरंच होतं. हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे. ह्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं, तेव्हा आमच्या घरातली चूल नुसती नावाला पेटत होती. मग पनवेलच्या या बाईंनी समजावलं, की या प्रकारात पेशीतले दोन वेगळे तुकडे तुटून भलतीकडेच एकमेकांना चिकटतात, आणि ती जोडी रक्तात किती आहे हे तपासता येतं. ह्यांनी घरी येऊन मला ते आपल्या भाषेत सांगितलं. "एका मूर्तीचा अर्धा साचा दुसरीच्या साच्याला लागला, आनि त्यातनं भलत्याच मूर्ती निघाया लागल्या, असं समज गो." रोज गोळी घ्यायची आणि दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, म्हणजे त्या जोडीची खूण किती उरली ते कळतं. ती कमी होत होत जवळजवळ दिसेनाशी झाली होती. मी तर आजार गेला असंच धरून चालले होते.

आणि आता ती वर चढली होती. श्रावणातली तपासणी आम्ही सीझनच्या गडबडीत चुकवली आणि गणपती गेल्यावर आलो, तोवर हे असं. बाईंनी आकडा सांगितला, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. "आजाराने रूप पालटलं असेल तर ही गोळी त्याला पुरणार नाही," त्या म्हणाल्या. "मग वेगळं औषध द्यावं लागेल, आणि ते सोपं नसतं. आधी आणखी एक तपासणी करून बघू." त्यांनी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. परतताना एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. घाबरलेत, असं मला वाटलं.

त्या रिपोर्टला वेळ होता आणि मला घरात बसवत नव्हतं. म्हणून मी कारखान्यातल्या न विकलेल्या मूर्ती पुसून झाकायला घेतल्या. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते. एक आडवी केली, तर आत प्लास्टरचा छोटा लपका थापलेला दिसला. उगाच नखाने उकरला आणि खाली गोळी निघाली. तीच तपकिरी गोळी. मी दुसरी मूर्ती उलटी केली, तिच्यातही होती. आपण काय बघतोय हे कळत होतं, पण मन मानायला तयार नव्हतं.

हे बाहेर ओट्यावर साचे धूत होते. मी गोळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"हे काय हाय?"

त्यांनी हातातला साचा खाली ठेवला आणि म्हणाले, "फेकल्या नायत गो. देवाच्या पोटात टाकल्या."

आमच्याकडे अंगाचे रंग गडी-बायका देतात, पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ते ह्यांचंच काम. लांबलांबचे व्यापारी त्या डोळ्यांसाठी आमच्याकडे येतात. गोळी सुरू झाल्यापासून ह्यांची बोटं पेटके येऊन वळायची, अंगठा आत जायचा. "गेल्या साली एका बाप्पाची नजर तिरकी गेली माझ्या हातनं," ते म्हणाले. "ती मूर्ती मी मोडली. कोनाला नाय सांगितलं. या साली म्हटलं, सीझनपुरती गोळी नको." माझ्यासमोर गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं, आणि आखणीला बसलं की हातातल्या मूर्तीच्या पोटात चिकटवून टाकायची.

बाकीच्या गोळ्या मूर्तींबरोबर गेल्या होत्या. कुणाकुणाच्या घरी त्यांची आरती झाली आणि त्या पाण्यातही बुडाल्या. मला भयंकर राग आला, पण रागाहून धक्का मोठा होता. त्या दिवसांत ह्यांच्या डोळ्यांखालची सूज उतरली होती. मी खूश होऊन शेजारणीला सांगितलं होतं, की औषध अंगी लागलं. आणि ती उतरली होती गोळी बंद झाल्यामुळे.

दुसरा रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंनी तो उघडायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी रिपोर्ट वाचला. आजाराने रूप पालटलेलं नव्हतं. तीच गोळी अजून चालणार होती, फक्त ती पोटात जायला हवी होती.

"हात वळतो हे मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. "या गोळीने खूप जणांना होतं ते. वेळ बदलून बघितली असती, काही औषध दिलं असतं. नाहीच जमलं तर गोळी बदलता येते."

हे आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. "येवढंच व्हतं?" त्यांनी विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

खूण आता पुन्हा उतरते आहे. पहिल्या जागी अजून आलेली नाही, आणि येईलच असं बाई छातीठोकपणे सांगत नाहीत. गोळी आता रात्रीच्या जेवणावर असते. मी गोळी देते, पाणी देते आणि तोंड उघडायला सांगते. ते निमूटपणे आ करतात. मी जिभेखाली बघते, दोन्ही गाल बघते.

"गेली गो," ते म्हणतात.

तरी मी बघते. आकडा खाली आला तरी हे बघणं माझ्याने सुटेल असं वाटत नाही.