सिस्टरांनी घर लावलं

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सिस्टर राहतात. त्यांना नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर येतं. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत काढली. डॉक्टरांनी हात पुढे करायचा, की शब्द संपायच्या आत त्यात कात्री.

"टेबलाकडे बघायची मला कधी गरज पडली नाही, बाई," त्या मला सांगत. "आपण नीट लावलेलं असलं की हाताला आपोआप सापडतं."

गेल्या दोन वर्षांत त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं; समोर पाहिलं तर माणसाच्या चेहऱ्याच्या जागी करडा ठिपका. या थंडीत त्यांनी भाजीत मिठाऐवजी धुण्याचा सोडा घातला आणि आपलीच फजिती मुलाला फोनवर हसत हसत सांगितली. मुलगा काही हसला नाही.

"बास झालं, आई. थंडी सरली की मी तुला इकडे घेऊन येणार."

"ये की. महिनाभर थांब मात्र. घर आवरायचंय."

त्याला वाटलं, ही निघायची आवराआवर. मलाही तसंच वाटलं.

झाडांना पालवी फुटली, खिडक्या दिवसभर उघड्या राहू लागल्या आणि सिस्टरांनी कंबर कसली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि औषधांवरच्या तारखा वाचायला मी रोज सकाळी खाली जायचे. पाच गाळण्या निघाल्या, तीन कात्र्या निघाल्या, झाकणं नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं तर विचारू नका.

"एक ठेवायची, बाकीच्या बाहेर. दोन असल्या की हात विचारात पडतो."

"अहो, कधीतरी लागेल."

"कधीतरी म्हणजे कधी? तारीख सांगा, बाई."

शिक्षिकेला असं कुणी विचारत नाही. मी चार गाळण्या बाहेर ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "बरोबर न्यायचं सामान कुठे ठेवू?"

"न्यायचंय कुणाला? मी राहायला आवरतेय!"

धुण्याचा सोडा न्हाणीघरात गेला. मीठ ओट्यावरच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात, साखर त्याच्या डावीकडे वीतभर अंतरावर, मग चहा. मिठाच्या डब्याला रबर, साखरेच्या डब्याला काही नाही. गेलेल्या यजमानांचा जुना कोट मात्र दारामागून हलला नाही. "तो असू द्या. त्याची जागा हाताला पाठ आहे."

एकदा त्या आंघोळीला गेल्या असताना मी हौसेनं सगळे डबे उंचीप्रमाणे ओळीत लावून टाकले. त्यांनी येऊन फळीवरून हात फिरवला. "बाई, वर्गाचा फोटो काढायचाय का?" मग एकेक डबा स्वतः पुन्हा जागेवर ठेवला. "दिसायला नको आहे मला. सापडायला हवंय."

ठरलेल्या रविवारी मुलगा दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आला. शाळेत असताना हा माझ्याकडे रोज वही हरवल्याची तक्रार घेऊन यायचा. वही दप्तरातच असायची. आईचं मोकळं, लखलखीत घर पाहून तो खूश झाला. "अर्धं काम झालंच आहे की!"

"बस. चहा करते."

सिस्टर न्हाणीघरात हात धुवायला गेल्या. तेवढ्यात त्यानं माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि साखरेचा डबा उचलून फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

सिस्टर आल्या. पातेलं, पाणी, गॅस. कुठेही हात अडखळला नाही. पाण्याचा सूर बदलला तशी त्यांनी चहाची पूड टाकली. मग हात साखरेकडे गेला आणि मोकळ्या फळीवर टेकला. त्यांनी चाचपडून पाहिलं नाही. गॅस बंद केला आणि वळल्या.

"साखर कुणी हलवली?"

"आई, कधी चुकून असं झालं तर काय करशील?"

"चुकून होईल कसं? इथे मी एकटी राहते आणि मी हलवत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, ऑपरेशनच्या खोलीत असाच असणार. "तुझ्याकडे चार माणसं. चौघंही चांगली आहेत, आणि चौघंही दिवसभर वस्तू हलवतात. तिथे मी आंधळी होईन रे. इथे नाही."

त्यानं डबा आणून ठेवला. सिस्टरांनी बोटानं अंतर पाहिलं. "दोन बोटं डावीकडे." त्यानं सरकवला. चहा झाला, कपाच्या काठाशी बोट धरून त्यांनी तीन कप भरले, थेंबही बशीत नाही.

"वर्षातून चारदा येऊन बघणार मी," कप खाली ठेवत मुलगा म्हणाला.

"ये. पण ज्याला हात लावशील ते जागेवर ठेवायचं."

संध्याकाळी दोन्ही बॅगा भरून गेल्या. त्यात त्याच्या शाळेतल्या वह्या होत्या, तुटकी रॅकेट होती, चार गाळण्या आणि दोन कात्र्या होत्या. दारात तो मला म्हणाला, "बाई, मी आईला न्यायला आलो होतो."

"पसारा कुणाचा होता, ते त्यांना बरोबर सापडलं," मी म्हणाले.

आतून सिस्टरांचा आवाज आला, "दार लोटून घ्या, बाई. कोट अडकेल, जरा जपून."