झाडे सरांची मुलगी

इला झाडेला पाहायला पाहुणे येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पतसंस्थेतली नोकरी, रविवारचं धुणं आणि बाबांच्या गोळ्या, एवढ्यात तिचं आयुष्य नीट मावत असे. लग्न जमलं नाही याचं वाईट वाटणंही कधीतरी थांबलं होतं.

त्या रविवारी दारात गाडी थांबली. दोन बायका आणि एक काका उतरले. "झाडे सरांचं घर हेच ना?"

बोरगाव मेघेत रिटायर मास्तरांना काय तोटा! मागच्या गल्लीतही एक झाडे सर होते आणि त्यांच्या अस्मिताला आज पाहायला येणार, हे लेआऊटमधल्या घराघराला ठाऊक होतं. इलालाही होतं. ती सांगणारच होती. पण तिचे बाबा, श्रीधर सर, तोवर "या, या" म्हणत आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालूनही आले. मध्यस्थानं अखेर कुणाला तरी धाडलं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांचा चेहरा इतका फुललेला तिनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ती मुकाट्यानं पोहे भिजवायला गेली.

मग साडी, ट्रे, नमस्कार, सगळं रीतीप्रमाणं झालं. नाव, वय बायोडेटात वाचलेलंच, म्हणून कुणी विचारलं नाही.

"फोटोत वेगळी दिसते," मुलाची आई म्हणाली. "आजकालच्या फोटोचं काई खरं नाई. आमाले पोरगी पसंत आहे, सर."

हे वाक्य इला जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाबांचे डोळे मात्र भरून आले.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. "आमी तं सरांकडेच बसून आहो ना," ते म्हणाले, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. सगळे उठले. घर चुकल्याची माफी मागून झाली.

"मागच्या गल्लीत, हिरवं गेट," इलानं रस्ता सांगितला.

बाबा तसेच बसून होते. "तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलली?"

"तुमी खुश दिसले, बाबा."

त्यांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग हळूच म्हणाले, "पण पसंत म्हणली बाई, तवा समोर तं तूच होती ना?"

"हो, मीच होती," इला म्हणाली. आता तरी रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.